कॅनडातील हिप-हॉप : सलग ऐकावेत असे अलीकडचे अल्बम सुचवावेत

मध्यलय (मिसिसागा)

नमस्कार. कॅनडातील हिप-हॉपचे साधारण २०२३ पासून पुढे आलेले आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकावेत असे अल्बम जाणकारांनी सुचवावेत, या विनंतीसाठी हा धागा काढत आहे. सुटी गाणी कानावर पडतच असतात, त्यामुळे त्यांची यादी नको. करणाऱ्याच्या मनात काहीएक आखणी होती आणि ती ऐकताना जाणवते, असे काम हवे आहे.

माझी तयारी किती आहे ते सांगतो, म्हणजे सुचवणाऱ्यांना सोपे जाईल. मुंबईतला हिंदी आणि मराठी रॅप मी बऱ्यापैकी ऐकला आहे आणि नव्वदच्या दशकातील न्यूयॉर्कच्या अल्बमांशी जुनी ओळख आहे. कॅनडाच्या बाबतीत मात्र माझी मजल ड्रेकच्या पुढे फारशी गेलेली नाही. त्याचा २०११ चा 'टेक केअर' मला अजूनही आवडतो, पण २०१८ चा पंचवीस गाण्यांचा 'स्कॉर्पियन' एका बैठकीत पुरा करण्याचा धीर मला कधीच झाला नाही. संगीताच्या ॲपला इथले हिप-हॉप विचारावे, तर ते आधी ड्रेक पुढे करते, मग ड्रेकची जुनी गाणी, आणि त्यानंतर ड्रेक ज्यांत पाहुणा म्हणून एखादे कडवे म्हणून गेला आहे अशी इतरांची गाणी.

शब्दांकडे माझे लक्ष अधिक असते, त्यामुळे केवळ ठेक्यावर उभे असलेले काम मला फार काळ धरून ठेवत नाही. फ्रेंच येत नाही, पण एखादा अल्बम भाषा न कळताही ऐकण्याजोगा असेल तर तो जरूर सांगावा. संध्याकाळी गाडीत दहा वर्षांची मुलगी सोबत असते. तिच्यासमोर निःसंकोच लावता येईल असे एखादे नाव मिळाले तर सोन्याहून पिवळे. शेवटी, नवे अल्बम आले की ते वेळेवर कळण्याची तुमची स्वतःची पद्धत काय आहे, हेही लिहावे.

टेपरेकॉर्डर (हॅमिल्टन)

मध्यलय, तुमच्या ॲपला जे दिसत नाही ते पोलारिस पुरस्काराच्या यादीत दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हा पुरस्कार २००६ पासून दिला जातो. विक्री, प्रकार किंवा कंपनी यांपैकी काहीही न पाहता कॅनडातील वर्षाचा सर्वोत्तम अल्बम परीक्षकांनी निवडावा, अशी त्याची रीत आहे. पहिली बरीच वर्षे तो बहुतेक गिटारवाल्यांकडेच जात राहिला. मग २०१९ मध्ये हवाया मायटीच्या 'थर्टीन्थ फ्लोअर'ला तो मिळाला आणि हिप-हॉपला मिळालेला तो पहिला पोलारिस ठरला. २०२० मध्ये बॅकवॉशला आणि २०२१ मध्ये केडन्स वेपनला मिळाला. सलग तीन वर्षे तीन रॅपर, तिघे तीन वेगळ्या वळणांचे, आणि त्यांपैकी एकाचेही नाव रस्त्यावरच्या दहा माणसांना विचारले तर सांगता येईल अशी खात्री मी देणार नाही. या तिघांचेही नवे काम तुमच्या कालमर्यादेत बसते.

शब्दांवर तुमचे लक्ष असेल तर केडन्स वेपनचा २०२४ चा 'रोलरकोस्टर' सर्वांत आधी ऐकावा. हा गृहस्थ एडमंटनचा. त्याचे वडील मूळचे ब्रुकलिनचे आणि एडमंटनमधील विद्यापीठाच्या रेडिओवर कृष्णवर्णीय संगीताचा कार्यक्रम चालवणारे. त्या प्रेअरी शहरातील अनेकांच्या कानावर हिप-हॉप पहिल्यांदा पडले ते त्यांच्यामुळे. मुलगा पुढे २००९ ते २०११ या काळात एडमंटन शहराचा अधिकृत कवी होता, आणि कवीचे हे पद एका रॅपरला देण्याचा शहाणपणा एखादी नगरपालिका दाखवते याचे मला आजही कौतुक वाटते. 'रोलरकोस्टर'चा विषय आहे इंटरनेटने आपल्या लक्षावर, पैशावर आणि मैत्रीवर बसवलेली पकड. विषय ऐकून तो प्रवचन देणार असे वाटेल, पण बीट इतके चपळ आणि नाचरे आहेत की टीका अंगावर येत नाही. तो आवडला तर मागे जाऊन त्याचा पोलारिस मिळवणारा 'पॅरलल वर्ल्ड' घ्यावा. जेमतेम अर्ध्या तासाच्या आतला हा अल्बम पोलिसी पाळत, वर्णभेद आणि टोरंटोमध्ये जुन्या वस्त्या हटवून उभे राहणारे मनोरे यांविषयी इतक्या आटोपशीरपणे बोलतो की त्यानंतर 'स्कॉर्पियन'ची लांबी तुम्हाला आणखीच खुपेल.

हवाया मायटी ब्रॅम्प्टनमध्ये वाढली. तिचा २०२३ चा 'क्रायिंग क्रिस्टल्स' नाचाच्या संगीताकडे अधिक झुकलेला आणि प्रेमसंबंधांविषयीचा आहे. खरे सांगायचे तर तुमची कसोटी लावली तर मी तुम्हाला तिच्या नव्या कामापेक्षा 'थर्टीन्थ फ्लोअर'च आधी ऐकायला सांगेन. अनेक इमारतींत तेरावा मजला असूनही त्याला तेरावा म्हणत नाहीत, आणि अमेरिकेच्या घटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द करताना शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांचा अपवाद ठेवला. जे आहे ते नाही असे दाखवण्याच्या या दोन्ही गोष्टी तिने एका शीर्षकात बांधल्या आहेत आणि अल्बमभर हा धागा सुटत नाही. तिच्या 'स्टॉक एक्स्चेंज'ला २०२२ मध्ये रॅप अल्बमचा जूनो, म्हणजे कॅनडाचा वार्षिक संगीत पुरस्कार, मिळाला. त्या विभागात तोपर्यंत एकाही स्त्रीला पुरस्कार मिळालेला नव्हता, आणि रॅपचा जूनो तर १९९१ पासून दिला जात होता.

बॅकवॉशविषयी माँट्रियलच्या मंडळींनी लिहावे, ते अधिक अधिकाराने लिहितील.

टोबी हे नाव जरूर नोंदवून ठेवावे. तो जन्माने नायजेरियन, ओटावा आणि ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला, आणि गाणे व रॅप यांच्यामधली भिंत न मानणारा आहे. त्याच्या २०२३ च्या 'पॅनिक'ला पुढच्या वर्षी रॅप अल्बमचा जूनो मिळाला. भीती आणि दडपण हा विषय असूनही त्याचा आवाज इतका उबदार आहे की अल्बम जड होत नाही.

गाडीत मुलगी असताना लावण्यासाठी डोळे झाकून शॅड घ्या. केनियात जन्मलेला, रवांडन आईवडिलांचा हा मुलगा ओंटारिओतील लंडन शहरात वाढला. शिवीगाळ त्याच्याकडे जवळपास नाहीच, आणि ती टाळल्याचा ताणही कुठे जाणवत नाही. २०११ चा रॅपचा जूनो ड्रेकच्या 'थँक मी लेटर'ला मिळणार असे सगळे धरून चालले असताना तो शॅडच्या 'टीएसओएल'ला मिळाला होता. त्याचे २०१८ आणि २०२१ चे अल्बम तुमच्या मर्यादेच्या थोडे आधीचे आहेत, पण ही अट त्याच्यासाठी शिथिल करावी.

रानजाई (व्हँकूवर)

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात सगळा देश ओंटारिओतून दिसतो, म्हणून पश्चिमेची बाजू मांडते.

स्नॉटी नोज रेझ किड्स ही जोडी हायस्ला या आदिवासी राष्ट्राची आहे आणि ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरील किटामाट गावातून आलेली आहे. त्यांचा २०२४ चा 'रेड फ्युचर' या धाग्यावर सर्वांत वर असायला हवा होता. आदिवासी कलावंताने फक्त भूतकाळातील दुःखाविषयी बोलावे, अशी इथल्या सभ्य श्रोत्यांची एक न बोललेली अपेक्षा असते. हे दोघे ती अपेक्षा ओळखून तिची टर उडवतात आणि आपल्या लोकांचे भविष्य, तेही झगमगीत, मिजासखोर आणि विनोदी भविष्य, रंगवतात. बीट जड आणि धडाकेबाज आहेत, शब्दखेळ मुबलक आहेत, आणि दोघांचा एकमेकांच्या तोंडून वाक्य काढून घेण्याचा वेग प्रत्यक्ष कार्यक्रमात आणखीच जाणवतो. ते आवडले तर २०१९ चा 'ट्रॅपलाइन' ऐकावा. त्यात राग अधिक आहे, तेलवाहिन्यांचा प्रश्न आहे, आणि गाण्यांच्या मध्ये घरातल्या माणसांचे आवाज आहेत. दहा वर्षांच्या मुलीसमोर मात्र दोन्ही नकोत.

व्हँकूवरचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय आजच्या पुरस्कारांच्या याद्यांचे महत्त्व कळत नाही. १९९८ चा जूनो सोहळा व्हँकूवरमध्ये झाला आणि याच शहरातील रास्कल्झ या गटाला रॅपचा पुरस्कार जाहीर झाला. रॅपचा पुरस्कार दूरचित्रवाणीवर न दाखवता आधीच उरकला जात असे. गटाने तो स्वीकारण्यास नकार दिला आणि पुढच्या वर्षी त्यांना मुख्य सोहळ्यात मंच मिळाला. त्या वेळी टोरंटोसारख्या शहरात कृष्णवर्णीय संगीताचे एकही व्यावसायिक एफएम केंद्र नव्हते. पहिला अर्ज १९९० मध्ये फेटाळला गेला, ती जागा कंट्री संगीताच्या केंद्राला मिळाली, आणि फ्लो ९३.५ हे तसे पहिले केंद्र प्रत्यक्ष सुरू व्हायला २००१ उजाडले. तोवर सगळा भार विद्यापीठांच्या रेडिओने वाहिला.

चौकटीबाहेर (सरे)

आश्चर्य वाटते की इतक्या मजकुरात पंजाबीचा एक शब्द नाही. कॅनडातील हिप-हॉपचे सर्वांत जास्त ऐकले जाणारे नवे अल्बम आज पंजाबीत येत आहेत, आणि ते ऐकायला तुम्हाला मिसिसागातून लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक वस्ती दक्षिण आशियाई वंशाची आहे.

करण औजलाचा ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला 'पी-पॉप कल्चर' ऐका, आणि त्याआधी २०२३ चा 'मेकिंग मेमरीज'. दोन्हींच्या मागे टोरंटोचा इक्की हा प्रोड्युसर आहे. तुंबी या एकतारी पंजाबी वाद्याचा एखादा सूर, ढोलाचा एखादा तुकडा आणि त्याखाली अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या रॅपसारखा घुमणारा खर्ज अशी त्याची बांधणी असते, आणि या मिश्रणाला शिवण दिसत नाही. २०२४ च्या जूनोमध्ये श्रोत्यांच्या पसंतीचा पुरस्कार औजलाला मिळाला. वॉर्नर या संगीत कंपनीच्या कॅनडा आणि भारत शाखांनी मिळून २०२३ मध्ये '९१ नॉर्थ' नावाचे लेबल काढले, त्याची सर्जनशील धुराही इक्कीकडेच दिली गेली. एपी ढिल्लोंचा २०२४ चा 'द ब्राउनप्रिंट' आहे. तो घेऊन तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईलाही जाऊन आला, आणि औजलाचाही कार्यक्रम त्याच महिन्यात मुंबईत झाला, तेव्हा तिकडचे वाचक ही नावे आपल्यापेक्षा अधिक ओळखतात.

इंग्रजीतच हवे असेल तर टोरंटोतल्या रेक्सडेलचा नॅव्ह आहे. पंजाबी कुटुंबातल्या या मुलाचे 'बॅड हॅबिट्स' आणि 'गुड इंटेन्शन्स' हे अल्बम २०१९ आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. आपल्या वस्तीचे नाव शीर्षकात घेतलेला त्याचा अल्बम २०२५ च्या मार्चमध्ये आला आहे.

टेपरेकॉर्डर (हॅमिल्टन)

चौकटीबाहेर, पंजाबीचा उल्लेख राहिला तो प्रश्नकर्त्याच्या अटींमुळे. 'पी-पॉप कल्चर'च्या नावातच औजलाने स्वतःला कुठे, म्हणजे पंजाबी पॉपमध्ये, बसवले आहे ते सांगितले आहे. मला त्यात चांगली गाणी सापडतात, अल्बमची आखणी सापडत नाही. नॅव्हच्या बाबतीत तर माझे मत अधिक कठोर आहे. त्याचा आवाज आणि बीट यांची जुळणी सुरेख असते, पण मध्यलय यांना शब्द हवे आहेत आणि शब्द हे त्याचे बलस्थान नाही. बिलबोर्डचा पहिला क्रमांक हा त्या आठवड्यातील ऐकण्याचा आणि विक्रीचा हिशेब असतो, त्यावरून आपण काही ठरवू नये.

चौकटीबाहेर (सरे)

आखणीचाच आग्रह असेल तर सिद्धू मूसेवालाचा २०२१ चा 'मूसटेप' घ्यावा. विद्यार्थी म्हणून ब्रॅम्प्टनला आलेला हा मुलगा तिथेच रॅपर म्हणून घडला. हा अल्बम एकदम न टाकता त्याने गाण्यागाण्याने कित्येक आठवडे उलगडत नेला, आणि गावची जमीन, शत्रुत्व, प्रसिद्धी व मरण यांविषयी त्यात जे येते ते मे २०२२ मधील त्याच्या हत्येनंतर ऐकताना अंगावर काटा येतो. शस्त्रांचा मिरवलेला डौल मला खटकतो, ते वेगळे.

आता हे कॅनडाचे की पंजाबचे, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो. या देशातील रेडिओ केंद्रांवर लोकप्रिय संगीतापैकी किमान ३५ टक्के गाणी कॅनडाची असावीत असा सीआरटीसी या प्रसारण नियामक संस्थेचा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि एखादे गाणे कॅनडाचे ठरवण्यासाठी संगीत, कलावंत, ध्वनिमुद्रणाची जागा आणि शब्द या चार निकषांपैकी सर्वसाधारणपणे दोन पुरे होतात. भाषा कोणती, हा निकष त्या चारांत नाही.

नदीकाठ (माँट्रियल)

भाषेचा निकष नसतो हे विधान टोरंटोत खरे, क्वेबेकमध्ये नव्हे. इथल्या फ्रेंच केंद्रांवर लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के गाणी फ्रेंच असावी लागतात, आणि माँट्रियलचा रॅपर रस्त्यावर जे बोलतो त्यात फ्रेंच, इंग्रजी आणि हैतीची क्रिओल एकाच वाक्यात येतात. डेड ओबीज या गटाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांनी २०१६ मध्ये काढलेल्या अल्बमसाठी मिळालेले १८ हजार डॉलरचे अनुदान फ्रेंच शब्दांचे प्रमाण ठरलेल्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरले म्हणून परत मागण्यात आले. कवितेतील शब्द भाषेनुसार मोजायला कोणी तरी बसले असेल, हे चित्र मला गंभीर चेहऱ्याने डोळ्यांसमोर आणता येत नाही. तो अल्बम, 'गेझाम्टकुन्स्टवेर्क', मध्यलय यांनी अवश्य ऐकावा. त्याचा गाभा तीन सलग रात्रींच्या जाहीर मैफलींत, प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेला आहे आणि मग स्टुडिओत घडवलेला आहे, त्यामुळे भाषा न कळताही खोलीतली ऊब कळते.

नव्या कामांत बॅकवॉशचा मार्च २०२५ चा 'ओन्ली डस्ट रिमेन्स' मी गेल्या काही वर्षांतील या देशाच्या सर्वोत्तम अल्बमांत धरतो. ती झांबियाची, शिक्षणासाठी कॅनडात आली आणि माँट्रियलमध्ये स्थिरावली. आधीच्या तीन अल्बमांत धर्म, कुटुंब, स्वतःचे स्त्री असणे आणि त्यासाठी मोजलेली किंमत हे सगळे तिने हेवी मेटलच्या करकरत्या आवाजांत, किंकाळीच्या पट्टीत मांडले होते. ते ऐकायला धैर्य लागते, आणि एका दिवसात तिन्ही ऐकू नयेत. नव्या अल्बममध्ये मृत्यूचा विचार आहेच, पण पियानो, कोरस आणि मोकळी जागा आली आहे. रागाची तीव्रता तीच ठेवून तिने आवाज खाली आणला, आणि शब्द पहिल्यांदा इतके स्पष्ट ऐकू आले. बीटही बहुतांशी तिचे स्वतःचेच असतात, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण तिच्याविषयी लिहिताना लोक तिच्या आयुष्यावर लिहितात आणि तिच्या कारागिरीवर लिहायचे विसरतात.

दुसरे नाव रॅपरचे नाही. निकोलस क्रेव्हन हा माँट्रियलचा प्रोड्युसर आहे. जुन्या सोल गाण्याचा एखादा तुकडा घेऊन तो जवळजवळ ड्रम न लावताच फिरवत ठेवणे ही त्याची शैली, आणि त्यामुळे रॅपरच्या प्रत्येक शब्दाला उघड्यावर उभे राहावे लागते. डेट्रॉइटच्या बोल्डी जेम्सबरोबरचा त्याचा 'पेनल्टी ऑफ लीडरशिप' २०२४ च्या जानेवारीत आला. बोल्डी त्याआधी वर्षभर एका गंभीर मोटार अपघातातून सावरत होता. रॅपर अमेरिकी असल्यामुळे हा अल्बम कॅनडाच्या याद्यांत क्वचित दिसतो, आणि म्हणूनच मी सांगतो की इथले नवे काम शोधायचे तर प्रोड्युसरांची नावे धरून शोधावे. एजॅक्सचा बॉय-वनडा, ब्रॅम्प्टनची वंडागर्ल, फोर्ट एरीचा मर्डा बीट्झ यांचे काम तुम्ही कॅनडाचे म्हणून न ओळखता वर्षानुवर्षे ऐकत आला आहात.

केवळ फ्रेंचमध्ये ऐकायचे तर कालमर्यादा मागे न्यावी लागेल. लाउड या रॅपरचा २०१९ चा 'तू सा पूर सा' सोपा आणि सुबक आहे. त्याच वर्षी त्याने बेल सेंटर हे माँट्रियलचे हॉकीचे भव्य मैदान स्वतःच्या नावावर भरवले, जे क्वेबेकच्या एकाही रॅपरने तोवर केले नव्हते. पाया पाहायचा तर हैतीच्या कुटुंबांतून आलेल्या म्युझियोन या गटाचे १९९९ चे काम पाहावे.

हिशेबनीस (मार्कहम)

ड्रेकला इतक्या झटपट बाजूला सारणे मला पटत नाही. त्याचे अलीकडचे अल्बम सैल आहेत, हे मान्य. फेब्रुवारी २०२५ मध्ये पार्टीनेक्स्टडोअरबरोबर आलेला अल्बम तर रॅपपेक्षा आर अँड बीचा, म्हणजे सुरेल गायनाचाच आहे, आणि २०२४ मध्ये अमेरिकी रॅपर केंड्रिक लामारशी झालेल्या वादानंतर लोक जी धार शोधत होते ती त्यात नाही. पण २००९ चा 'सो फार गॉन' आणि २०१५ चा 'इफ यू आर रीडिंग धिस इट्स टू लेट' हे दोन्ही सलग ऐकावेत. फोर्टी या त्याच्या सहकाऱ्याने उंच पट्टीचे सूर कापून आवाज पाण्याखालून आल्यासारखा दाबायची जी रीत पाडली, तीच पुढे अर्ध्या टोरंटोची रीत झाली. मध्यलय यांच्या माहितीसाठी : पार्टीनेक्स्टडोअर मिसिसागाचाच. मुलीसमोर मात्र त्याच्या अल्बमचे मुखपृष्ठही उघडू नये.

मध्यलय (मिसिसागा)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'रोलरकोस्टर' आणि 'ओन्ली डस्ट रिमेन्स' दोन्ही पूर्ण ऐकले. पहिला लगेच आवडला. दुसऱ्याला वेळ लागला, पण त्यातील शांत जागा आल्या तेव्हा आधीच्या आवाजाचे प्रयोजन कळले, आणि तो मी पुन्हा ऐकणार आहे. 'रेड फ्युचर' या आठवड्यात घेतो. 'पी-पॉप कल्चर'बाबत मला टेपरेकॉर्डर यांच्यापेक्षा चौकटीबाहेर यांचे म्हणणे अधिक पटले : आखणी कथेची नसेल, पण आवाजाची नक्की आहे.

दोन गोष्टी राहिल्या. अटलांटिक किनाऱ्याविषयी कोणीच लिहिले नाही. आणि नवे अल्बम कळण्याची पद्धत?

भरती-ओहोटी (हॅलिफॅक्स)

अटलांटिकसाठी बक ६५. नोव्हा स्कोशियाच्या माउंट युनिआके या लहानशा गावातून आलेला हा माणूस रॅपर आहे, डीजे आहे आणि जुन्या तबकड्यांचा अट्टल संग्राहक आहे. २०१४ नंतर तो कित्येक वर्षे जवळजवळ गप्प होता. मग २०२२ मध्ये 'किंग ऑफ ड्रम्स' आणि २०२३ मध्ये 'सुपर डोप' काढून परतला. जुन्या ड्रमचे तुकडे, तबकडी हाताने मागेपुढे फिरवून केलेले खरवडकाम (स्क्रॅचिंग) आणि त्यावर न थांबणारी, एकातून एक निघणारी, बऱ्याचदा निव्वळ गमतीची यमके, एवढीच सामग्री. कथा शोधू नका, कारागिरी ऐका. कथा हवी असेल तर त्याचा २००३ चा 'टॉकिन हाँकी ब्लूज' आहे, ज्यात कंट्री संगीत आणि हिप-हॉप इतके शेजारी बसतात की रानजाई यांनी सांगितलेला १९९० चा निर्णय आठवून हसू येते.

टेपरेकॉर्डर (हॅमिल्टन)

पद्धत विचारलीत म्हणून लिहितो. पोलारिसची चाळीस अल्बमांची लांब यादी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते आणि त्यातून दहांची छोटी यादी निघते. लांब यादीतील हिप-हॉपची नावे काढून घेतली की वर्षाचा निम्मा शोध संपतो. जूनोच्या नामांकनांत २०२२ पासून रॅप अल्बम आणि रॅपचे सुटे गाणे असे वेगळे विभाग झाले आहेत, त्यामुळे तुमच्यासारख्याने पहिला विभाग पाहावा आणि दुसरा सोडावा. उरलेला निम्मा शोध बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर होतो : तिथे शहराच्या नावाने शोधता येते, आणि बॅकवॉशपासून बक ६५ पर्यंत अनेकांचे काम आहे. काही ठरावीक शुक्रवारी ती कंपनी विक्रीतला आपला वाटा सोडते, त्या दिवशी विकत घ्यावे. प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलात तर टी-शर्ट किंवा तबकडी तिथेच घ्या, पण त्या विक्रीतून सभागृह वाटा कापते का ते विचारा. हा वाटा बंद व्हावा म्हणून केडन्स वेपनने इथे जाहीरपणे आवाज उठवला होता.

शॅडचा क्रम लावायचा तर मुलीबरोबर आधी २०२१ चा 'ताओ' लावावा. त्यात माणूसपणाचे एकेक अंग कसे झिजत चालले आहे हा मोठा विषय असला तरी गाणी उत्साही आहेत. २०१८ चा 'अ शॉर्ट स्टोरी अबाउट अ वॉर' त्यानंतर, आणि तोही सलगच ऐकावा. वाळवंटातील एका युद्धाची ती एकसंध गोष्ट आहे, तिच्यात बंदूकधारी आहेत, दगडफेके आहेत, आणि लढायला नकार देणारा एक 'मूर्ख' आहे. मुलगी मध्येच प्रश्न विचारू लागेल, तेव्हा लांबचा रस्ता असेल त्या दिवशी लावलेला बरा.